खाऱ्या पाण्यातली कपिला

२०१७ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि देवळाली कॅम्पापासून नाशिकरोडपर्यंत पितळेचं काम जाणणारा माझ्यासारखा नळमिस्तरी दुसरा नाही, असं माझं मत होतं. मत माझं एकट्याचं होतं, पण पक्कं होतं. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीत गुरुजींचं आणि माझं पटलं नाही. चूक माझी होती असं ते म्हणायचे, त्यांची होती असं मी म्हणतो. ते आता वाद घालायला यायचे नाहीत, तेव्हा माझंच खरं धरून पुढे चला.

त्या साली मला आप्पा भेटले. आता ते नाहीत, म्हणून लिहितोय. असते तर त्यांनी आधी कागद मागून घेतला असता आणि प्रत्येक ओळीपाशी बोट ठेवून विचारलं असतं, "हे तुला कसं कळलं? पाहिलंस की ऐकलंस?"

त्यांच्या घरी मला पाइप गळतोय म्हणून बोलावलं होतं. दार उघडंच होतं. आत शिरलो तर बैठकीच्या खोलीत कपाटाएवढी काचेची टाकी, तिच्यात निळा उजेड, आणि टाकीसमोर ठेंगण्या स्टुलावर बनियनमधला एक म्हातारा. एक डोळा मनगटावरच्या घड्याळावर, दुसरा एका पिवळ्या माशावर. मी "नमस्कार" म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी न बघताच बोट वर केलं. मी पिशवी घेऊन उभा. मला कामाच्या घरात कोणी असं उभं केलं तर मी परत फिरतो, पण तो मासा इतका पिवळाधमक होता की मीही बघत राहिलो. मिनिटभरानं ते म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर. बस आता."

मला वाटलं, वय सांगतायत. म्हटलं, "वाटत नाही हो तेवढं."

"माझं नाही. तिचा श्वास. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. कल्ला उघडतो-मिटतो तो मोजायचा. तू कोण?"

अशी ओळख झाली.

आप्पा बागलाणातले, नामपूरचे. आयुष्यभर त्या बाजूला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरी. पण डॉक्टर नव्हेत. कॅम्पातले लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे, "डॉक्टर सही करायचे. हात मी घालायचो." एवढं म्हणून ते बाही वर करून हात खांद्यापर्यंत कुठवर जायचा ते दाखवायचे. समोरच्याच्या हातात पोह्याची बशी असली तरी दाखवायचे. वहिनी आतून ओरडायच्या, "अहो, माणूस खातोय!"

"खाऊ दे की. मी कुठं त्याला हात घालतोय?"

इतकी वर्षं गाई-म्हशी केल्यावर या माणसाला समुद्राचे मासे का सुचावेत, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "चाळीस वर्षं जनावरांनी मला लाथा घातल्या. एका रेड्यानं गव्हाणीला चेपलं, दोन बरगड्या गेल्या. रिटायर झाल्यावर ठरवलं, आता असं जनावर पाळायचं ज्याला मी हात लावणार नाही आणि जे मला पाय लावणार नाही."

"पण मग गोड्या पाण्याचे पाळायचे. समुद्र कुठं, देवळाली कुठं?"

"म्हणूनच. पाणी आपण केलेलं असलं की बिघडल्यावर समुद्राला नाव ठेवता येत नाही."

पाणी ते खरंच करायचे. गाळलेलं पाणी घ्यायचं, त्यात माशांसाठीचं खास मीठ ढवळायचं, दिवसभर फिरवायचं, मापायचं. मी घोटीकडचा माणूस. मिठाचं एवढं कौतुक ऐकून एकदा घोटीच्या बाजारातून खडेमिठाची गोणी आणून त्यांच्या दारात टेकवली. आप्पांनी गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मला वाईट वाटू नये म्हणून गोणी आत घेतली. वहिनींनी दोन वर्षं तिच्यातल्या मिठानं लोणची घातली.

माशांना त्यांनी गाईंची नावं दिली होती. पिवळी ती कपिला. ती नऊ वर्षं त्यांच्याकडे होती आणि टाकीतली मालकीण होती. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी होती, त्या दोघी बांड्या. एक लाल कोळंबी होती, पाठीवर पांढरी रेघ, मिशा हातभर. ती माशांच्या अंगावर चढून त्यांची कातडी साफ करायची, मासे डोळे मिटल्यासारखे गप्प उभे राहायचे. तिचं नाव मालिशवाला. काचेवर चार-सहा गोगलगायी. त्यांना नाव नव्हतं. "ती मजुरी करणारी माणसं," आप्पा म्हणायचे, "त्यांची नावं कोण लिहितो?" पण रोज सकाळी मोजायचे मात्र.

कपिलेचा केसपेपर होता. थट्टा नाही. दवाखान्याचे जुने छापील कागद रद्दीत निघाले तेव्हा त्यांनी गठ्ठा घरी आणला होता. त्यात मालकाचे नाव, गाव, जनावराचा रंग, असं सगळं छापलेलं. "शिंगे" या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "निरंक." "शेपटीचा गोंडा" पुढे, "नाही. काटा आहे." "दुधात की भाकड" पुढे, "लागू नाही." खाली रोजची नोंद. श्वास किती, खाल्लं काय, शेण कसं. माशाच्या विष्ठेलाही ते शेणच म्हणायचे. कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, कपाटातल्या बश्या वाजायच्या. त्या दिवशीची नोंद, "तोफा. जनावर शांत. सौ. घाबरल्या."

माणसांशी ते साधं मराठी बोलायचे, माशांशी अहिराणी. "काय वं माय, आज खास नही का?" म्हणजे आज खात नाहीस का, असं काचेशी चाललेलं असायचं. माणसाशी अहिराणी बोलले तर समजायचं, एकतर फार रागावलेत नाहीतर फार माया आलीय. दोन्हीतलं कोणतं, हे त्यांच्या तोंडावरून कळायचं नाही.

माणसांचं दुखणंही ते जनावरासारखंच बघायचे. एकदा माझ्या पोटात कळ मारत होती. मी त्यांच्याकडे औषधाला गेलो नव्हतो, नळाचा वायसर बदलायला गेलो होतो. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, जीभ बघितली, विचारलं, "चारा कधी बदलला?"

म्हटलं, "मी काय बैल आहे?"

"बैल असतास तर एव्हाना सांगितलं असतंस. चारा कधी बदलला?"

मग आठवलं, मुलीकडे चार दिवस राहून आलो होतो, तिथे रोज हॉटेलची भाजी. त्यांनी मान हलवली. त्यांचं सगळं वैद्यक एवढंच होतं. "आजार आपोआप येत नाही मिस्तरी. काहीतरी नवं येतं आणि त्याच्या मागून आजार येतो. नवं काय आलं ते शोधायचं. आधी डोळ्यानं, मग नाकानं, मग जिभेनं. हात सगळ्यात शेवटी." जिभेनं म्हणजे खरंच जिभेनं. टाकीत करंगळी बुडवून चाखायचे. वहिनींनी त्या करंगळीला घरात चमचा म्हणायला सुरुवात केली होती.

आता माझ्या भागावर येतो. तो टाळता आला असता तर टाळला असता.

टाकीच्या खाली लाकडी कपाट होतं, त्यात दुसरी छोटी टाकी. वरचं पाणी खाली यायचं, गाळून निघायचं, पंपानं परत वर जायचं. त्या पंपाच्या पाइपावर पाणी कमी-जास्त करायला प्लास्टिकची चावी होती. ती गळायची. धार नाही, थेंब. मिनिटाला एखादा. घरकामाला येणाऱ्या मावशी रोज त्या थेंबाखाली फडकं ठेवायच्या आणि मी दिसलो की म्हणायच्या, "बाबा, तुमचं फडकं वाळत घातलंय." तुमचं फडकं! मी ती चावी तीनदा उघडली, तीनदा टेप गुंडाळली. प्लास्टिकच ते. आटे झिजलेले. चौथ्यांदा मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाबा, आता वय झालं. चावीचं म्हणते मी."

पन्नास वर्षांत माझ्या हातचं काम गळलेलं नाही.

माझ्या घरी फडक्यात गुंडाळून ठेवलेली एक पितळी चावी होती. कॅम्पातला एक जुना बंगला पाडला तेव्हा मी ती काढून घेतली होती. इंग्रजांच्या वेळची. हातात घेतली की तान्ह्या मुलासारखी जड. वीस वर्षं ठेवली होती, लायक घर मिळालं की लावायची म्हणून. स्वतःच्या घराला लावली नाही. आमचं पाणी एक दिवसाआड येणारं, त्याला काय करायची असली चावी?

आप्पांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, "मिस्तरी, या पाण्याला धातू चालत नाही." मी मान डोलावली होती. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, हे मला कोण शिकवणार? लोखंड लावणारा मी नव्हेच. पितळ गंजत नाही. ते धातू म्हणाले तेव्हा मी लोखंड ऐकलं, कारण आमच्या धंद्यात पितळेला कोणी नुसतं धातू म्हणत नाही, पितळ म्हणतात, मानानं.

एका सोमवारी आप्पा पुतण्याच्या साखरपुड्याला नामपूरला गेले, तीन-चार दिवसांसाठी. मी दुपारी गेलो. वहिनींना म्हटलं, गळती बघतो. पंप बंद केला, प्लास्टिकची चावी काढली, माझी बसवली. सफेदा लावून, दोरा गुंडाळून, जुन्या पद्धतीनं. पंप चालू केला. एक थेंब नाही. कपाटाच्या अंधारात ती सोन्यासारखी दिसत होती. कोणाला दाखवली नाही. आप्पा येतील, कपाट उघडतील, आणि मग मी काही बोलणार नाही, असं ठरवून घरी आलो.

गुरुवारी सकाळी वहिनींचा मला फोन. आवाज रडवेला. "मिस्तरी, यांना फोन केलाय, ते निघालेत. तुम्ही या. मालिशवाला उताणा पडलाय. कपिला कोपऱ्यात तोंड घालून बसलीय."

मी गेलो. कोळंबी वाळूवर उलटी, मिशा पाण्याबरोबर हलत होत्या, बाकी काही हलत नव्हतं. गोगलगायी काचेवरून खाली पडलेल्या. दोघी बांड्या वरच्या कोपऱ्यात. कपिला दगडाला चिकटून उभी, रंग उतरलेला, कल्ले इतके भराभर चालले होते की मला मोजता येईनात.

आप्पा दुपारच्या बसनं आले. साखरपुड्याचा फेटा पिशवीतून लोंबत होता. चप्पल काढली, पाणी मागितलं नाही, थेट स्टुलावर. घड्याळ. मागे आम्ही उभे. वहिनी, फडकं हातात धरलेल्या मावशी, मी.

"एकशे चाळीस," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा मोजलं. तेवढेच.

मोठा दिवा लावून कपिलेच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत का पाहिले. नाहीत. हवेचे बुडबुडे बघितले, ठीक. पाण्याची ऊब, ठीक. मीठ मापलं, ठीक. रंगाच्या बाटल्यांतले थेंब टाकून पाण्यात घाण साठलीय का पाहिलं. नाही. वास घेतला. करंगळी चाखली. बराच वेळ तोंडात घोळवली.

"घरात काय मारलं? झुरळाचं? डासाचं?"

"काही नाही हो," वहिनी म्हणाल्या. "परवा तोफा चालल्या होत्या, त्यानं तर नाही?"

"तोफेनं गोगलगाय पडत नाही." ते माझ्याकडे वळले. "मिस्तरी, तू आला होतास म्हणे. काय केलंस?"

आता पाहा. एवढा सोपा प्रश्न. आणि माझ्या मनात खरंच काही काळंबेरं नव्हतं, पितळेनं मासा आजारी पडतो हे मला स्वप्नातही आलं नसतं. पण त्या चावीचं कौतुक ऐकायला मी थांबलो होतो, अशा वेळी ती पुढे करायची म्हणजे आरोपीसारखं उभं राहायचं. मी म्हणालो, "काही नाही. चावी घट्ट केली."

त्यांनी मान हलवली आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

मग ते स्टुलावर बसून बोलायला लागले, आमच्याशी नाही, स्वतःशी. "कोण आधी गेलं? मालिशवाला. मग? गोगलगायी. मग मासे धापा टाकायला लागले. हवा संपली असती तर मासे आधी गेले असते. रोग असता तर कोळंबीला झाला नसता. आधी बिनहाडाची गेली, मग हाडाची लागली…" एकदम उठले. "मोरचूद!"

"कसला मोरचूद?" वहिनी म्हणाल्या. "तो द्राक्षावर मारतात तो? आपल्या घरी कुठला?"

"अगं, तळ्यावर गुरं पाणी प्यायची, त्यांना लिव्हरमध्ये जंत व्हायचे. ते जंत गोगलगायीतून यायचे. मग आम्ही तळ्यात मोरचूद टाकायचो गोगलगायी मारायला. मी स्वतः टाकलाय, पोतीच्या पोती. आधी गोगलगायी गळायच्या. जास्त पडला की मासे असेच तोंड घालून धापा टाकायचे. मोरचुदात काय असतं? तांबं. पाण्यात तांबं उतरलंय."

तांबं म्हटल्यावर मी कपाटाच्या दाराकडे पाहिलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हे मला चौदाव्या वर्षापासून माहीत आहे.

तरी मनात म्हटलं, अंदाजच आहे त्यांचा. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण पितो, चांगलं असतं म्हणतात.

आप्पांनाही अंदाज नको होता. गॅलरीत एका बरणीत त्यांनी चार गोगलगायी वेगळ्या वाढवल्या होत्या. दोन काढल्या. दोन काचेचे ग्लास घेतले. एकात नवं केलेलं खारं पाणी, दुसऱ्यात टाकीतलं. दोन्हींत एकेक गोगलगाय. ग्लास टीपॉयवर ठेवले आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती बसलो, निकाल ऐकायला बसल्यासारखे. मावशी जमिनीवर, गुडघ्यावर हनुवटी.

नव्या पाण्यातली थोड्या वेळानं बाहेर आली, शिंगं काढली, काचेवर चढायला लागली. टाकीच्या पाण्यातलीनं थोडंसं डोकं काढलं, थांबली, आत ओढून घेतलं आणि दार लावून घेतलं. अर्धा तास झाला. एक वर पोचली, दुसरी तशीच तळाला. मी मनातल्या मनात तिला म्हणत होतो, ए बाई, नीघ ना बाहेर. निघाली नाही.

"मावशी," आप्पा म्हणाले, "घरमा तांबानं काय काय शे?" ते असं बोलले म्हणजे आतून फार ढवळले होते.

"देवाचा तांब्या. ताम्हण. परवाच चिंचेनं घासले की."

"कशात?"

मावशींनी हातातलं फडकं पिळलं. मग म्हणाल्या, "निळ्या बादलीत."

निळी बादली माशांची. तिला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही, असा घरात कायदा होता. आणि रोज टाकीत पाण्याची थोडी भर घालायची ती त्याच बादलीनं. वहिनी उठल्याच. "शंभरदा सांगितलं! शंभरदा! निळीला हात लावू नकोस म्हणून. नऊ वर्षांचं जनावर गं ते!"

"वहिनी, मी धुवून ठेवली बादली. दोनदा धुतली."

"धुतली असतीस तर हे झालं असतं?"

"मी खोटं बोलते व्हय?" मावशी उभ्या राहिल्या. बाई लहानखुरी, पण ताठ. "बादली घेतली, ते चुकलं. पण धुतली म्हंजे धुतली. माशाला मी मारलं म्हनत असाल तर मला नाय यायचं उद्यापासून." फडकं घडी करून खिडकीत ठेवलं आणि गेल्या. वहिनी डोळे पुसत देवळात गेल्या. खोलीत आप्पा, मी आणि कपिलेचे कल्ले.

आप्पा गॅलरीतून तयार पाण्याचं पिंप ढकलत आले. "धर मिस्तरी. अर्धी टाकी बदलू. एवढंच तयार आहे. दुसरं करायला पाणी गाळण्यापासून सगळं पुन्हा, उद्याची संध्याकाळ होईल, आणि तोवर ती टिकणार नाही. आपल्याकडे एकच डाव आहे."

जुनं पाणी उपसलं. आम्ही पिंप उचललं, काठाला टेकवलं. कपाटाचं दार माझ्या गुडघ्याला लागत होतं. ओतायचं, पंप चालू करायचा, आणि ते सगळं नवं पाणी माझ्या चावीतून फिरायचं. हे मला माहीत होतं आणि जगात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं.

"जड झालं का?"

"थांबा आप्पा. मावशीच्या बादलीनं काही झालेलं नाही. मी चावी बदललीय. पितळी लावलीय."

त्यांनी पिंप खाली ठेवलं. टॉर्च घेतला. कपाटासमोर गुडघ्यावर बसले, आत डोकं घातलं. बराच वेळ बाहेर येईनात. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला शिव्या चालल्या असत्या, शिव्यांना उत्तर देता येतं.

आतूनच आवाज आला. "मिस्तरी."

"हां."

"लई सुंदर चावी शे रे." मग थोडं थांबून, "काढ."

मी काढली. तीन दिवसांत तिच्या आतल्या कडेला हिरवी रेघ धरली होती. तात्पुरता रबरी पाइप जोडला, आप्पांनी पाणी ओतलं, पंप लावला. मग ते स्टुलावर बसले, मी जमिनीवर. माझ्या हातात ती चावी, ठेवायची कुठे कळेना.

"मन्हा हातखाल दोन म्हशी गयात," ते काचेकडे बघत म्हणाले. माशाला सांगतायत की मला, कळलं नाही. चुकीची सुई, दोन्ही वेळा. मालकाला त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणाले होते, रोगच तसा होता. "त्या गावावरून बस गेली की मी अजून दुसऱ्या खिडकीतून बघतो. आजही बघितलं." मग घड्याळ वर केलं. "गप बस आता. मोजू दे."

एकशे छत्तीस.

कपिला वाचली, ते आत्ताच सांगून टाकतो, उगीच जीव टांगणीला नको. तिनं रंग धरायला आठवडा घेतला, आणि नंतर आप्पांच्या मागेही ती एक उन्हाळा जगली. पण त्या संध्याकाळी हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. मी घरी आलो तेव्हा ती कोपऱ्यातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. आधी मासा बघायला जाणार होतो. मोपेड आप्पांच्या वळणाला आली आणि मी ती सरळ नेली, बाजाराच्या मागच्या वस्तीत. मावशींचं घर माहीत नव्हतं, विचारत गेलो. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून सूप खाली ठेवलं नाही.

"तुमची काय चूक नव्हती," मी म्हणालो. "माझी होती. माझ्या चावीनं झालं. काल मी आप्पांना सांगितलं."

"कधी सांगितलं?"

"तुम्ही गेल्यावर."

"मी गेल्यावर." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "आनि वहिनींना?"

"वहिनी देवळात होत्या."

"बाबा, मला खोटं पाडलं ते मानसांत. आनि खरं सांगायला तुम्ही माझ्या दारात येता, जिथं ऐकायला कुनी नाय." त्या उठल्या, पदर खोचला. "मासा जगला का?"

"माहीत नाही. आधी इकडं आलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सूप आत ठेवलं, दाराला कडी घातली. मी त्यांना मोपेडवर मागे बसवलं, आप्पांच्या घरी आलो, आणि वहिनींनी दार उघडल्यावर, चप्पल काढायच्या आधी, उंबऱ्याबाहेरच उभं राहून सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा सांगितलं.